शेरूचे जलदान

आमच्या घरातला शेरू 2024 च्या जून महिन्यात, मुंबईत पहिला पाऊस पडला त्याच आठवड्यात गेला. तेरा वर्षे तो आमच्या खोलीत राहिला. जातिवंत वगैरे काही नव्हता. रस्त्यावरचाच, तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला.

तो गेला त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडत होते. चाळीतल्या एक वहिनी दारात आल्या, क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, मला वाटलं कोण गेलं! कुत्रंच ना? आता काय जलदान विधी ठेवणार का त्याचा?"

त्या मनाने वाईट नाहीत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच मला गरम पाणी दिले आहे. पण त्यांचे ते वाक्य मला सुईसारखे टोचले. मी डोळे पुसले, चेहरा धुतला आणि घरात काही घडलेच नाही अशी वागू लागले. माझी नऊ वर्षांची मुलगी मात्र माझ्याकडे बघत राहिली. आईला रडताना कोणी हसले, म्हणून आईने रडणे थांबवले, एवढे तिला समजले होते.

हा लेख मी त्यासाठीच लिहीत आहे. आपल्या वस्त्यांत, चाळींत, खोल्यांत कितीतरी घरी कुत्रे असते. ते जाते तेव्हा घरातली माणसे चोरून रडतात. का बरे चोरून?

आजीचा नकार

आमचे हे महापालिकेच्या सफाई खात्यात आहेत. 2011 च्या पावसाळ्यात सकाळची पाळी संपवून येताना हजेरी चौकीजवळच्या कचराकुंडीपाशी त्यांना हे पिल्लू सापडले. भिजून गोळा झालेले. त्यांनी ते रेनकोटच्या आत घातले आणि विक्रोळीच्या आमच्या खोलीत आणून ठेवले. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तो टाळ्या वाजवून नाचू लागला. सासूबाईंनी मात्र पाहताक्षणी तोंड फिरवले.

"बाहीर काढ त्येला. माझ्या घरात कुत्रं नको."

आम्हाला वाटले, घाण होईल म्हणून म्हणत असतील. पण कारण वेगळे होते. त्या रात्री जेवताना त्यांनी ते सांगितले. त्या मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्या लोकांना चढता येत नसे. बाया घागरी घेऊन दूर उन्हात उभ्या राहायच्या. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाहीतर तासन्‌तास थांबायचे. आणि त्याच विहिरीच्या डोणीला गावातली कुत्री तोंड लावून पाणी प्यायची.

"कुत्रं प्यालं तर इहिरीला काय व्हत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, "आन् आमची सावली पडली की बाटत व्हती. मी आठ वर्साची असंन. तहानेनं जीव चाललाय आन् समोर कुत्रं पाणी पितंय. तवापास्नं मला त्ये जनावर बघवत नाय."

आम्ही कोणीच काही बोललो नाही. काय बोलणार? हे एकट्या सासूबाईंचे दुःख नव्हते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची संपत्ती कोणती, तर कुत्री आणि गाढवे, असे लिहून ठेवलेले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, मज्जाव माणसांना होता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते त्यासाठी. पुढे 14 ऑगस्ट 1931 रोजी मुंबईत मणिभवनात गांधीजींची भेट झाली तेव्हाही त्यांनी हेच सुनावले होते, की जिथे आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षा वाईट वागवले जाते आणि प्यायला पाणी मिळत नाही, तो देश मी माझा कसा मानू? आपल्याकडे 'कुत्रा' हा शब्द नुसता प्राण्याचे नाव नव्हे. त्यात अपमानाचा फार मोठा इतिहास आहे.

फोटोतला टॉबी

त्या रात्री पिल्लू बाहेर व्हरांड्यात खोक्यात झोपले. सकाळी माझ्या मुलाने भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट दाखवले आणि विचारले, "आजी, मग हा कोण?"

तो फोटो आपल्यातल्या पुष्कळ घरांत आहे. फेब्रुवारी 1934 मधला, दादरच्या राजगृहातला. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, बाबासाहेबांच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव. आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. पुढे सव्वा वर्षाने, 27 मे 1935 रोजी रमाई गेल्या. म्हणून तो फोटो पाहताना आपले लक्ष रमाईंच्या चेहऱ्यावरच जाते. सासूबाई रोज त्या फोटोपुढे हात जोडत. पण टॉबीकडे त्यांनी कधी नीट पाहिले नव्हते.

ह्यांनी त्यांना समजावले, "आई, बघ. मणिभवनात कुत्र्यामांजराची गोष्ट सांगितली ती 1931 साली. आणि हा फोटो 1934 चा. बाबासाहेबांचा राग कुत्र्यावर नव्हता गं. माणसाला माणूस न मानणाऱ्यांवर होता."

सासूबाई बराच वेळ फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग खोक्याजवळ गेल्या. पिल्लाने त्यांच्या पायाचा अंगठा चाटला. "ऱ्हाऊं दे चार दिस," त्या म्हणाल्या. ते चार दिवस तेरा वर्षे चालले.

तेरा वर्षांची सोबत

शेरूची नोकरी ठरलेली होती. पहाटे साडेपाचला हे निघाले की तो सोबत निघायचा. हजेरी चौकीपर्यंत जायचा, मुकादमाकडे एकदा बघायचा आणि एकटाच परत यायचा. मग मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला जायचा. दुपारी सासूबाईंच्या खाटेखाली पडायचा. त्या त्याला शिव्या घालत घालत भाकरीचा कोर दुधात कुस्करून द्यायच्या. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या पाळण्याखाली बसून तो येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरायचा. शेरूशिवायचे घर तिने कधी पाहिलेच नव्हते.

2020 सालचा मार्च महिना मी विसरणार नाही. सगळी मुंबई घरात बसली होती, पण सफाई कामगारांना सुट्टी नव्हती. हे रोज कामावर जात. परत येताना जिन्यात लोक दारे लावून घेत. अंतर ठेवणे त्या काळात गरजेचेच होते, ते आम्हालाही कळत होते. पण अंतर ठेवणे निराळे आणि तोंड फिरवणे निराळे. ज्यांच्या घरचा कचरा हे रोज उचलत होते, त्यांच्यातल्या काहींच्या नजरा मला माझ्या सासूबाईंच्या विहिरीची आठवण करून देत होत्या.

मुलांना आणि म्हाताऱ्या आईला काही होऊ नये म्हणून ह्यांनी स्वतःच व्हरांड्यात अंथरूण टाकले. दोन महिने ते बाहेर झोपले. आणि शेरू? पहिल्या रात्रीच तो घरातून उठला आणि ह्यांच्या पायाशी जाऊन पडला. आम्ही हाका मारल्या, दूध दाखवले. तो उठला नाही. दोन महिने माझ्या नवऱ्याजवळ बिनदिक्कत जाऊन बसणारा तो एकच जीव होता.

हे मला एकदा म्हणाले, "माणूस आधी काम विचारतो, मग आडनाव विचारतो. ह्यानं कधी काहीच विचारलं नाही."

तो निर्णय

2024 च्या उन्हाळ्यात शेरू सारखा पाणी पिऊ लागला. लघवी वाढली, अंग उतरले, खाल्लेले उलटून पडू लागले. म्हातारा झालाय, उन्हाळा आहे, असे म्हणून आम्ही तीन आठवडे घालवले. मग त्याला परळला जनावरांच्या इस्पितळात नेले. लोकलमध्ये नेणे जमण्यासारखे नव्हते. रिक्षा शीवपर्यंतच जाते. तिथून पुढे तीन टॅक्सीवाल्यांनी कुत्रे बघून नकार दिला, चौथ्याने नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले. दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली होती. माणसाप्रमाणेच कुत्र्याचेही मूत्रपिंड जुनाट आजाराने खराब झाले की पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. सलाईन लावून त्रास कमी करता येतो, एवढेच.

आम्ही बारा दिवस सलाईन लावले. मुलाने कॉलेजच्या फीसाठी साठवलेले पैसे काढून दिले. बाराव्या दिवशी शेरूला उभे राहता येईना. तो रात्रभर कण्हत होता. आमच्या भागातले डॉक्टर घरी आले आणि हळूच म्हणाले, "याला आता मोकळं करा. एक इंजेक्शन आहे. दुखणार नाही."

घरात शांतता पसरली. आपण रोज वंदनेत पहिले शील म्हणतो, ते प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे. मग हे कसे करायचे? मी म्हणाले, नको. हे म्हणाले, त्याचे हाल बघवत नाहीत. माझ्या मुलाने कपाटातून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढला. अहिंसेसंबंधी बाबासाहेबांनी त्यात एक भेद मांडला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. बुद्धाने अहिंसा हा आंधळा नियम केला नाही, ती विचाराने पाळायची गोष्ट मानली. पण ही गरज आहे की आपला थकवा आहे, हे कोण ठरवणार? पुस्तकात आमच्या शेरूचे नाव लिहिलेले नव्हते. ठरवायचे आम्हालाच होते.

शेवटी सासूबाई खाटेवरून उतरल्या. शेरूजवळ फरशीवर बसल्या, त्याचे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "आपल्याला त्येला मारायचं न्हाय. आपल्याला त्येचं दुखणं थांबवायचंय. डाक्टरला बोलवा."

आधी गुंगीचे इंजेक्शन दिले, मग शेवटचे. त्याचा उभा कान हळूहळू खाली पडला. सासूबाईंचा हात त्याच्या डोक्यावर होता.

आम्ही केले ते बरोबर, असे मी कोणाला सांगणार नाही. दुसऱ्या घराने दुसरा निर्णय घेतला तर तोही प्रेमापोटीच असेल. आजही रात्री जाग आली की मला वाटते, तीन आठवडे आधी का नेले नाही? एक दिवस आणखी का थांबलो नाही? कुत्रे गेलेल्या घरात ही बोच असतेच. त्याला बोलून दाखवता येत नव्हते, म्हणून सगळे निर्णय आपल्यावर पडतात. त्या बोचणीचा एकच उपाय मला सापडला. ती मनात न ठेवता घरातल्या माणसांपाशी बोलून टाकणे.

मुलीचा प्रश्न

मुंबईत पुरायला जागा कुठे? महापालिकेने 2023 साली मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली आहे. ह्यांच्या एका सहकाऱ्याने टेम्पो दिला. आम्ही शेरूला जुन्या चादरीत गुंडाळून तिथे नेले.

परत आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, माझी मैत्रीण म्हणाली शेरू देवाघरी गेला. आपल्यात देवाघर नाही ना? मग तो कुठे गेला?"

मैत्रिणींनो, असा प्रश्न आला की आपली जीभ अडखळते. देवाघरी गेला म्हणणे सोपे असते, पण आपण बावीस प्रतिज्ञा मानणारी माणसे. झोपलाय म्हणावे, तर मूल त्याच्या उठण्याची वाट बघत बसते. कुठेतरी सोडून आलो म्हणावे, तर मुलाला वाटते, उद्या मलाही सोडतील.

मी तिला खरे सांगितले. "शेरू मेला. आता तो परत येणार नाही. त्याचं शरीर पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचं बनलेलं होतं. माती, पाणी, ऊब आणि वारा. ते काही नाहीसं होत नाही. जिथून आलं तिथे जाऊन मिसळतं. बाबासाहेबांनी बुद्धांचं म्हणणं असंच समजावून सांगितलंय." तिने खिडकीबाहेर पाहिले. पाऊस चालू होता. "म्हणजे ह्या पाण्यात पण थोडा असेल?" तिने विचारले. मी म्हणाले, "असेल." मग ती खूप रडली आणि या वेळी मीही तिच्यासोबत रडले. दारात कोण उभे आहे ते पाहिले नाही.

दारोदारची मोहरी

घर रिकामे झाल्याचे कशाकशातून कळत होते. पहाटे साडेपाचला हे दार उघडायचे आणि क्षणभर तसेच थांबायचे. सासूबाई भाकरीचा कोर बाजूला काढून ठेवायच्या आणि मग मुकाट्याने स्वतः खायच्या. निळा पट्टा खुंटीला तसाच होता. तो काढायला कोणाचा हात होईना.

आणि मग एक गोष्ट घडली. खालच्या मजल्यावरचे काका, कधी कोणाशी न बोलणारे, येऊन बसले. त्यांच्या लहानपणी दुष्काळात वडिलांनी बैल विकला होता. बाजारातून परतताना वडील रस्त्याच्या कडेला बसून रडले होते. काकांनी ते सत्तर वर्षे कोणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी एक मावशी आल्या. त्यांची शेळी वाघराने नेली होती. आणि तिसऱ्या दिवशी त्याच वहिनी आल्या, जलदान विधीचे विचारणाऱ्या. चहाचा कप हातात धरून खाली बघत म्हणाल्या, "माहेरी आमचा एक मोत्या होता गं. माझ्या लग्नाच्या गाडीमागं धावत आला आणि हायवेवर गेला. नव्या नवरीनं कुत्र्यासाठी रडायचं कसं? रडलेच नाही कधी."

किसा गोतमीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. ती दारोदार फिरली आणि मोहरी कुठेच मिळाली नाही. लहानपणी मला वाटायचे, मरण सर्वांना आहे हे समजावण्यापुरतीच ती गोष्ट आहे. आता वाटते, त्या दारोदार फिरण्यातच औषध होते. प्रत्येक दारात तिला कोणीतरी आपले दुःख सांगितले असेल. आमच्याकडे दारे आपणहून चालत आली, एवढाच फरक.

थोडे व्यवहाराचे

ज्यांच्या घरी म्हातारे कुत्रे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचे. पाणी पिणे अचानक वाढले, वजन उतरले, उलट्या सुरू झाल्या, तर उन्हाळा म्हणून सोडून देऊ नका. मुंबईतल्या वाचकांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असेलच. सर दिनशा पेटिट यांनी पत्नी साकरबाई यांच्या नावे उभारलेले हे इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, आणि तिथल्याच आवारात 1886 साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गावाकडे तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यालाही दाखवता येते, तो फक्त गाईम्हशींसाठी नाही.

कुत्रे गेले की मुलांना गप्प करण्यासाठी दुसऱ्याच दिवशी नवे पिल्लू आणू नका. त्याने मूल असे शिकते की एक गेला की दुसरा आणायचा, सोबत्याची किंमत तेवढीच. घरातल्या सर्वांचे मन तयार झाले की मगच आणा, आणि आणाल तेव्हा रेबीजची लस आधी. आणि घरातला पुरुष गप्प झाला तर त्याला दुःख झाले नाही असे समजू नका. आमच्या ह्यांनी महिनाभर चौकीवर जाण्याचा रस्ता बदलला होता.

पाण्याची कुंडी

शेरूसाठी आम्ही विधी काही केला नाही. संध्याकाळी रोजच्यासारखी मेणबत्ती लावली, वंदना घेतली आणि थोडा वेळ शांत बसलो. कर्मकांडाची आपल्याला गरज नाही आणि शेरूलाही नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर सासूबाई घरात नव्हत्या. ऐंशीला टेकलेली बाई, गुडघे धरून जिना उतरून खाली गेली होती. चाळीच्या कोपऱ्यावर त्यांनी मातीची एक जुनी कुंडी ठेवली होती आणि कळशीने ती भरत होत्या. गल्लीतली दोन कुत्री लांब उभी होती, भीतभीत.

"या," सासूबाई त्यांना म्हणाल्या, "प्या. हितं कोण हाकलत न्हाय."

त्या आजही रोज ती कुंडी भरतात. गुडघे दुखतात तेव्हा माझी मुलगी भरते. परवा त्याच वहिनी खाली भेटल्या. त्यांच्याही हातात तांब्या होता.